पाचव्या दिवसाची पिल्लं

मी दुसरीच्या वर्गाची बाई. तोंडावर मला 'बाई' म्हणतात आणि पाठीमागे 'मिरची'. मला हे ठाऊक आहे, कारण आमच्या पोरांना हळू आवाजात काही म्हणताच येत नाही. म्हणोत बापडी. वर्गभर पोरं दिवसभर सांभाळायची आणि वर गोडगोड बोलायचं, हे मला तरी आजवर जमलेलं नाही. माझा पारा चढतो लवकर आणि उतरतोही लवकर. मधल्या वेळात काय व्हायचं ते होऊन जातं.

आमची शाळा ख्रिस्ती, चर्चला लागून असलेली, लहानशी. दर वर्षी दुसरीचा एक आठवडा सृष्टीच्या गोष्टीचा असतो. पहिल्या दिवशी देवाने उजेड केला, दुसऱ्या दिवशी आकाश, तिसऱ्या दिवशी जमीन आणि झाडं, चौथ्या दिवशी सूर्य-चंद्र, पाचव्या दिवशी मासे आणि पक्षी, सहाव्या दिवशी जनावरं आणि माणूस, सातव्या दिवशी विश्रांती. सोमवार पहिला धरला की शनिवार सहावा येतो आणि रविवारी शाळा बंद. त्या आठवड्यात गणित, चित्रकला, विज्ञान, गाणी, सगळं त्या त्या दिवसाचं. शनिवारी आईवडील येतात, मुलं नाटक करतात, आया डोळे पुसतात, बाप घड्याळ बघतात.

आता पाचव्या दिवशी आम्ही काय करायचो? कागदाच्या चिमण्या. वर्षानुवर्षं कागदाच्या चिमण्या! कातरून कातरून माझ्या बोटाला घट्टा पडला होता. या वर्षी मी म्हटलं, बास. या वर्षी खरे पक्षी.

माझे धाकटे दीर कोंबड्या पाळतात. त्यांना फोन केला तर म्हणाले, "वहिनी, उबवायला हवीत की ऑम्लेटला? आधीच सांगा, भाव वेगळा आहे."

"भावोजी, थट्टा पुरे. शुक्रवारी पिल्लं बाहेर यायला हवीत. मागे मोजून अंडी कधी ठेवायची ते सांगा."

त्यांनी मोजलं, एक लाकडी पेटी दिली, आत उबेसाठी पिवळा बल्ब, पाण्याची वाटी, तापमापक आणि डझनभर अंडी. राहता राहिल्या आमच्या मुख्याध्यापिका, मोठ्या सिस्टर. उंच, सडपातळ, बोलणं मोजकं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आणि नाही फुटली तर?"

"माझी जबाबदारी, सिस्टर."

"अंड्यांची जबाबदारी घेशील गं. पोरांना काय सांगशील?"

"फुटतील हो!" मी म्हणाले. एकदा मनात घेतलं की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

पेटी ठेवली वर्गाशेजारच्या सामानाच्या खोलीत. तिथे चर्चच्या मेणबत्त्या, गाणाऱ्यांचे पांढरे झगे आणि मोडक्या खुर्च्या असतात, आणि एकुलती एक खिडकी कायम लावलेली. माझ्या वर्गातून तिथे जायला एक दार आहे. त्या दाराखालच्या फटीतून बल्बचा पिवळा उजेड वर्गात यायचा, आणि मुलं फळ्याऐवजी त्या फटीकडे बघत बसायची.

सगळ्यांत जास्त कोण बघायचं तर आमचा रेडिओ. ही पहिल्या बाकावरची मुलगी. नाव रेडिओ मी ठेवलं नाही, तिच्या आईनेच सांगितलं की घरी तिला तेच म्हणतात. उठल्यापासून झोपेपर्यंत तोंड चालू. श्वास कधी घेते देव जाणे. मी शिकवत असताना ही माझं वाक्य माझ्या आधी पुरं करायची. "गप्प बस गं बाई!" हे मी दिवसातून इतक्यांदा म्हणायचे की एकदा घरी झोपेत म्हणाले, आणि नवरा दचकून उठून बसला.

पण अंडी आली आणि रेडिओने त्यांना जवळजवळ दत्तकच घेतलं. सकाळी प्रार्थनेआधी पेटीशी हजर. तापमापक वाचून मला सांगणार, वाटीत पाणी घालणार आणि मग अंड्यांशी गप्पा. मी एकदा दाराआडून ऐकलं. ती त्यांना सातचा पाढा शिकवत होती.

"बाहेर आल्यावर बाई विचारतील हं," ती अंड्यांना सांगत होती. "त्या रागावतात. पण मारत नाहीत."

म्हटलं, बरं झालं, निदान खरं तरी सांगितलं.

तर सोमवार उजाडला. पहिला दिवस, काळोख आणि उजेड. हा धडा मी शेवटच्या तासाला ठेवला होता, म्हणजे उत्साहाच्या भरात घरी जातील. खिडक्या लावल्या, पडदे ओढले, वरच्या झरोक्यांना जुनी वर्तमानपत्रं चिकटवली. रेडिओला काळोखाची प्रमुख केलं, कारण काम दिलं की तिचं तोंड जरा कमी चालतं. शिवाय "उजेड होऊ दे!" हे वाक्यही तिचंच होतं, आणि शनिवारी नाटकातही तीच म्हणणार होती.

"काळोख म्हणजे काळोख!" मी दरडावून सांगितलं. "एक तिरीपसुद्धा दिसता कामा नये. काहीच नव्हतं तेव्हा कसं असेल, ते मला बघायचंय."

दिवे घालवले. मुलं आधी खिदळली, मग एकमेकांना चिकटली. तरी जरासा उजेड कुठूनतरी येत होताच. मग कुणीतरी अंधारात चाचपडत गेलं, बटणाचा खटका वाजला आणि ती शेवटची रेघही गेली. असा मिट्ट काळोख झाला की मला माझा हात दिसेना.

"शाब्बास!" मी अंधारातच ओरडले. "आता खरा काळोख!"

मग रेडिओच्या खणखणीत आवाजात "उजेड होऊ दे!" आणि वर्गातले सगळे दिवे एकदम लागले. मुलांनी असा काही जल्लोष केला की शेजारचे तिसरीचे गुरुजी धावत आले. तेवढ्यात घंटा झाली. मुलं पळाली, मी पळाले. घरी जाताना मी स्वतःवर इतकी खूश होते की विचारू नका.

मंगळवारी सकाळी सामानाच्या खोलीचं दार उघडलं. आत अंधार. पेटीला हात लावला तर गार. अंड्याला हात लावला तर तेही गार. बल्बचं बटण बंद होतं.

मी वर्गात जी घुसले ती तोफेसारखी. "पेटीचा दिवा कोणी बंद केला? कोणी? उभं राहा आधी!"

रेडिओ उभी राहिली. तिला अजून काहीच कळलं नव्हतं, उलट शाबासकी मिळेल असंच वाटत असावं. "मी, बाई. फटीतून उजेड येत होता ना. तुम्ही म्हणालात, एक तिरीपसुद्धा नको. मग तुम्ही शाब्बास म्हणालात."

म्हणाले होते ना मी! माझ्याच तोंडाने शाबासकी दिली होती. रागावायला समोर कुणी उरलं नाही म्हणजे राग कुठे जातो, मला माहीत नाही. मी खुर्चीत बसले.

तेवढ्यात आमचा पंडित बोललाच. हा चष्मेवाला मुलगा, त्याला सगळं माहीत असतं आणि ते सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. "म्हणजे रात्रभर थंडीत राहिली? मग पिल्लं मेली असणार."

मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने चष्माच काढून ठेवला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. रेडिओ माझ्याकडे बघत होती, मी 'नाही' म्हणावं म्हणून. मला म्हणता आलं नाही. ती खाली बसली आणि बंद झाली.

मी दिवा लावला, दिरांना फोन केला. या वेळी त्यांनी थट्टा केली नाही, तेव्हाच मी ओळखलं. "शेवटचे दिवस आहेत वहिनी, पिल्लं मोठी झालेली असतात, तग धरूही शकतात. हवाही काही फार गार नव्हती. पण खात्री नाही हो. ऊब द्या आणि वाट बघा. तगली तरी उशीर होईल."

मोठ्या सिस्टरांना सांगायला गेले तर त्यांनी "मी सांगितलं होतं" असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. त्या म्हणाल्या, "शनिवारपर्यंत ठेव. नंतर खोलीत वास सुटेल. मग टाकून द्यावी लागतील."

आठवडा काही कुणासाठी थांबत नाही. मंगळवारी आकाश केलं. निळा रंग कागदाला कमी आणि मुलांच्या कपड्यांना जास्त लागला. बुधवारी प्रत्येकाने मातीच्या पेल्यात घेवड्याची एकेक बी पेरली. एका पठ्ठ्याने आपली बी खाल्ली आणि मग पोटात वेल येईल म्हणून गळा काढला. गुरुवारी अंगणात सूर्य, पृथ्वी आणि चंद्र झाले. चंद्राने पृथ्वीभोवती फिरायचं आणि पृथ्वीने सूर्याभोवती. चंद्राला चक्कर आली, पृथ्वी त्याच्यावर पडली आणि सूर्य हसता हसता खाली बसला. वर्ग नुसता फुलून आला होता. कुठल्याही बाईने मिरवावं असा आठवडा.

आणि पहिल्या बाकावर ती गप्प. विचारलं तर उत्तर देई, "हो बाई", "नाही बाई". वही नीट, अक्षर नीट. सगळं शहाण्यासारखं. वर्षभर देवाकडे जी शांतता मागत होते ती मिळाली होती, आणि ती मला अक्षरशः खायला उठली. माझं वाक्य पुरं करायला कुणी नव्हतं. दोन वेळा मी मुद्दाम अर्ध्यावर थांबून पाहिलं. वर्ग माझ्या तोंडाकडे बघत बसला.

पेटीच्या खोलीत ती पाऊल टाकेना. "तापमापक कोण बघणार?" मी विचारलं.

"पंडित बघेल," ती म्हणाली.

बुधवारी संध्याकाळी तिची आई आली. शिवणकाम करणारी बाई, गळ्यात टेप तशीच लटकत होती, म्हणजे काम टाकून आलेली. "बाई, रागावू नका, पण पोरीला काही बोललात का? घरात आवाज नाही. तिचा बाप म्हणतो, रेडिओत बॅटरी घाला. हसण्यावारी नेतोय, पण त्यालाही घास जात नाही."

मी सगळं सांगितलं, माझ्या शाबासकीसकट. ती टेप बोटाला गुंडाळत बसली. "एक तरी जगू दे," ती म्हणाली. "डझनात एक. फार नाही ना मागणं?"

"फार नाही," मी म्हणाले. त्या रात्री मी जी प्रार्थना केली तिच्यात विनंती थोडी आणि भांडणच जास्त होतं. देवाला माझा स्वभाव नवीन नाही.

शुक्रवार आला, पाचवा दिवस. मुलं सकाळपासून दाराला कान लावून. काही नाही. दुपारी काही नाही. अंडी आपली गुळगुळीत, पांढरी, ठार मुकी. शेवटच्या तासाला मी कपाटातून रंगीत कागद काढले आणि मुकाट्याने चिमण्या कातरायला लावल्या. रेडिओने सगळ्यांत सुबक चिमणी केली. ती तिने माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि परत जागेवर जाऊन बसली.

शनिवारी नाटक. सकाळपासून माझ्या डोक्याला नुसता ताप. सगळ्यांना सिंह व्हायचं होतं. गाय व्हायला दोघी तयार झाल्या, पण त्याही म्हणाल्या की आम्ही गुरगुरणाऱ्या गायी होणार. आणि माणूस व्हायला कुणी तयार नाही! देवाने एवढा शेवटी राखून ठेवलेला माणूस, पण त्याला शेपूट नाही म्हणून मुलांना त्यात रस नाही. अखेर चष्मा घालू देईन या अटीवर पंडित माणूस झाला.

सभागृह भरलं. दिवे घालवले. रेडिओ रंगमंचावर मध्यभागी उभी, पांढऱ्या फ्रॉकमध्ये. आता तिने "उजेड होऊ दे" म्हणायचं, की मागून दिवे लागणार. मी पडद्याआड बटणाशी.

ती बोलेचना. अंधारात पालकांची कुजबुज सुरू झाली, कुणीतरी खोकलं. मला अंधारातही तिचा श्वास ऐकू येत होता. मी हळूच म्हटलं, "बोल बाळा." काही नाही. पुढच्या रांगेत तिची आई बसली आहे हे मला माहीत होतं, आणि मला वाटलं, आता आणखी एक क्षणही या पोरीला या काळोखात उभं ठेवायचं नाही.

"उजेड होऊ दे!" मीच पडद्यामागून ओरडले आणि बटण दाबलं.

माझा आवाज काय सांगावा! लोक खुर्चीत दचकले आणि मग खो खो हसले. कुणीतरी म्हणालं, "देव चांगलाच चिडलेला दिसतोय." मोठ्या सिस्टरसुद्धा रुमाल तोंडाला लावून बसल्या. पुढचं नाटक झकास झालं, गायी गुरगुरल्या, माणसाचा चष्मा पडला, टाळ्यांचा कडकडाट झाला. रेडिओ मात्र कोपऱ्यात माझा पदर धरून उभी राहिली, शेवटपर्यंत.

सगळे गेल्यावर ती माझ्यापाशी आली. मंगळवारनंतर पहिल्यांदाच आपणहून बोलली. "बाई, आज सहावा दिवस ना?"

"हो."

"उद्या तो काही करत नाही ना? उद्या विश्रांती."

तेव्हा मला कळलं की हिने मनाशी काय हिशोब मांडलाय. देव सहा दिवस बनवतो. सातव्या दिवशी काही बनवत नाही. म्हणजे आज संध्याकाळपर्यंत पिल्लं आली नाहीत, तर आली नाहीतच. हे मीच शिकवलं होतं, फळ्यावर रंगीत खडूने लिहून! ती आईचं बोट धरून निघून गेली. मला रडू आलं, आणि मी सामानाच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांत बसून चांगली रडले.

सिस्टर दाराशी आल्या. मी म्हटलं, "टाकते सिस्टर. आत्ताच टाकते."

त्यांनी पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आता अंधार पडेल. उद्या प्रार्थना झाली की मीच टाकीन. तू घरी जा आणि तोंड धू."

रविवारी चर्चमध्ये मी मागे बसले होते. रेडिओ पुढे, आईबापांच्या मध्ये. पहिलं गाणं चालू होतं. वेदीवरच्या मेणबत्त्या संपत आलेल्या, म्हणून सिस्टर उठून बाजूच्या दाराने सामानाच्या खोलीकडे गेल्या. परत आल्या त्या रिकाम्या हातांनी. सरळ माझ्या बाकाशी आल्या, वाकल्या आणि कानात म्हणाल्या, "तुझ्या पेटीत कुणीतरी बोलतंय."

मी उठले ती गाणं चालू असतानाच. लोक बघेनात का! पुढे गेले, रेडिओचा हात धरला आणि तिला बाकातून ओढून काढलं. तिचा बाप 'अहो, अहो' करत राहिला.

खोलीच्या दाराशी ती थबकली. मी म्हटलं, "नुसतं ऐक." आतून आवाज आला, बारीक, चिरका, पण चांगला हट्टी. मग मला तिला ओढावं लागलं नाही.

एका अंड्याला भोक पडलं होतं आणि त्यातून चोचीचं टोक दिसत होतं. आम्ही दोघी पेटीवर वाकलो. चोच हलली, टक टक झालं आणि थांबलं. कितीतरी वेळ काहीच नाही. रेडिओने माझा हात घट्ट धरला. माझा धीर सुटला. मी नखाने कवच काढायला हात घालणार होते, पण आधी दिरांना फोन लावला, एवढी बुद्धी देवाने दिली.

"हात लावू नका वहिनी!" ते फोनवरच ओरडले. "रक्त येईल, मरेल ते. दमलंय, दम खातंय. असं तासन्‌तास करतात. तुम्ही गप्प बसा फक्त. मी निघालोच."

मला म्हणे गप्प बसा! पण बसले. प्रार्थना संपली तशी सिस्टरांनी खिडकी उघडली आणि पोरं तिथे जमली, पंडित सर्वांत पुढे, त्यांच्यामागे आईबाप. रेडिओने वळून सगळ्यांना तोंडावर बोट ठेवून दटावलं, पाद्रीबाबांनासुद्धा. कुणी हूं की चूं केलं नाही. ऊन खिडकीतून सरकत फरशीच्या दुसऱ्या टोकाला गेलं तेव्हा अंडं मधोमध तडकलं आणि त्यातून एक ओलं, चिकट, मान टाकलेलं काहीतरी बाहेर पडलं.

"ई! किती घाण दिसतंय!" रेडिओ किंचाळली, आणि रडायला लागली, आणि हसायलाही लागली. खिडकीबाहेर जो गलका झाला तो विचारू नका. तिची आई तिथेच खाली बसली.

मग ती एकदम गंभीर झाली. डोळे पुसून सिस्टरांकडे वळली. "सिस्टर, पण आज सातवा दिवस आहे. देवाची सुट्टी आहे ना?"

सिस्टर तिच्यापाशी वाकल्या. "घरात कुणी आजारी असलं," त्या म्हणाल्या, "तर रविवार आहे म्हणून आई झोपून राहते का?"

रेडिओने खिडकीतून आपल्या आईकडे पाहिलं आणि मान हलवली. "नाही."

संध्याकाळपर्यंत आणखी तीन आली. भावोजी आले, त्यांनी आत काही हलतंय का बघायला उरलेली अंडी एकेक करून विजेरीसमोर धरली, हळूच परत ठेवली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मला वाटलं रेडिओचं लक्ष नाही. पण तिचं लक्ष होतं.

"ही येणार नाहीत?" तिने विचारलं.

"नाही, बाळा," मी म्हणाले.

"मी दिवा बंद केला म्हणून?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. 'नाही गं, तुझ्यामुळे नाही' असं म्हणणं किती सोपं होतं! पण ही पोर खोटं लगेच ओळखते, आणि मला ते बोलताही येत नाही. "असेल," मी म्हणाले. "आणि मी काळोख कर म्हणाले म्हणूनही. आपल्या दोघींमुळे."

ती पेटीत वाकली. पहिलं पिल्लू आता वाळलं होतं, पिवळं, फुगीर, डोळे उघडे. ती त्याच्याशी बोलायला लागली, आणि मंगळवारपासून साठलेलं सगळं एका दमात बाहेर आलं. घेवड्याची बी कुणी खाल्ली, चंद्राला चक्कर कशी आली, बाई कशा ओरडल्या आणि सगळे कसे हसले. तिचा बाप दाराला टेकून ऐकत उभा होता, त्याने डोळे पुसायचीही लाज धरली नाही.

शेवटी तिने आवाज खाली आणला. "तो दिवा मी बंद केला होता हं," ती पिल्लाला म्हणाली. "सॉरी. आता कधीच नाही करणार. बाईंनी सांगितलं तरी नाही करणार."

मी तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "नको करूस."